भिजलेली बुचाची बदके

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने बदकांवर लेख लिहावा याचे वाचकांना नवल वाटेल. कीर्द, खतावणी आणि घसारा यांच्यापलीकडे आमचे जगच नसते, असा कलाशाखेच्या मित्रांचा समज आहे, आणि तो अगदीच खोटा आहे असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. पण गेल्या वर्षी सहा बदके माझ्या वाट्याला आली ती खतावणीच्याच मार्गाने. ही बदके जिवंत नव्हेत. ती बुचाची आहेत, आणि मला सापडली तेव्हा पाण्याने तुडुंब भरलेली होती. पाण्यात भिजून फुगलेली वस्तू वाळवायची कशी आणि दुरुस्त करायची कशी, हे त्यांच्यामुळे शिकलो. तेच या लेखात सांगण्याचा विचार आहे.

माझे आजोळ मध्य प्रदेशातील बुऱ्हाणपूर. तापीच्या काठचे हे जुने शहर. मराठी घरे तेथे पुष्कळ आहेत. मामांचे किराणा दुकान आहे आणि दुकानामागच्या जुन्या घराची अडगळीची खोली नदीच्या बाजूला उतारावर आहे. गेल्या पावसाळ्यात त्या खोलीत कमरेएवढे पाणी शिरले. पाणी ओसरले तरी कोपऱ्यातली पत्र्याची पेटी कोणी उघडली नाही. दसऱ्याला मी गेलो तेव्हा मामा म्हणाले, "ती पेटी तेवढी बाहेर काढ रे. आत काय असेल ते भंगारवाल्याला देऊन टाकू." झाकण उघडले तर आत अजून वीतभर पाणी होते, आणि त्या पाण्यात सहा बदके बुडून बसली होती. बदक बुडालेले पाहण्याचा प्रसंग तसा दुर्मिळच!

मामींनी त्यांना लगेच ओळखले. "अगं बाई, ही तर दादांची बदके!" दादा म्हणजे माझे आजोबा. ते शिकारीच्या कॅम्पवर सामानाची नोंद ठेवणारे कारकून होते. किती तंबू, किती कंदील, किती काडतुसे आणि किती बदके, हे सगळे त्यांच्या वहीत असे. पुढे शिकारीचा तो धंदा बसला, मालकाकडे काही महिन्यांचा पगार अडकला, आणि बाकीपोटी रोख रकमेऐवजी जे सामान मिळाले त्यात ही बदके होती. म्हणजे वाणिज्याच्या भाषेत सांगायचे तर बुडीत येण्याच्या वसुलीत आलेली ही मालमत्ता. ती दुसऱ्यांदा बुडू द्यायची नाही, असे मी मनाशी ठरवले.

आता ही खोटी बदके कशासाठी असतात ते सांगितले पाहिजे. उडणारे बदकांचे थवे वरून पाणी न्याहाळतात आणि जेथे आपल्या जातीचे पक्षी निवांत बसलेले दिसतात तेथे उतरतात. शिकारी या स्वभावाचा फायदा घेतो. बदकाच्या आकाराच्या, रंगवलेल्या वस्तू तो पाण्यावर तरंगत ठेवतो, त्या वाहून जाऊ नयेत म्हणून दोरीला वजन बांधतो आणि स्वतः लव्हाळ्यात दडून बसतो. ही युक्ती फार जुनी आहे. अमेरिकेतील नेवाडा प्रांतात लव्हलॉक नावाच्या गुहेत १९२४ साली पाणगवताची विणलेली बदके सापडली. ती सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची आहेत. आपल्या देशात निराळी तऱ्हा होती. तळ्यावर आधी रिकामे माठ सोडून द्यायचे, पक्ष्यांना त्यांची सवय झाली की एक माठ डोक्यावर पालथा घेऊन गळ्याएवढ्या पाण्यातून चालत जायचे आणि बदकांचे पाय पाण्याखालून धरायचे.

बुऱ्हाणपूरला शिकार नवी नाही. तापीपलीकडे जैनाबादला मोगलांचा आहूखाना आहे. आहू म्हणजे हरीण. हे राजघराण्याचे शिकारीचे रान. १६३१ मध्ये मुमताज महल बुऱ्हाणपुरात वारली तेव्हा आग्र्याला नेण्यापूर्वी तिचे शव याच जैनाबादच्या बागेत काही महिने ठेवले होते. इंग्रजी अमदानीत बदकांच्या शिकारीला तर जत्रेचे रूप आले. राजस्थानात भरतपूरला १९३८ साली व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या सन्मानार्थ झालेल्या एका दिवसाच्या शिकारीत ४,२७३ पक्षी मारले गेले. हा आकडा तेथील शिळेवर अभिमानाने कोरलेला आहे. आज तेच ठिकाण राष्ट्रीय उद्यान आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर कडक बंधने आणली आणि १९९१ च्या दुरुस्तीने परवान्यावरची हौशी शिकारही बंद झाली. तेव्हा या बदकांचे मूळ काम संपले, ते चांगलेच झाले. मग ती जपायची कशाला, असा प्रश्न मलाही पडला होता. त्याचे उत्तर मला बदकांच्या पोटाखाली मिळाले. ते पुढे येईलच.

प्रथम बूच म्हणजे काय ते पाहू. माझ्या कन्नड विभागातील मित्रांना सांगतो, बूच म्हणजे तुमचे 'बिरडे'. (आमच्या मराठी घरांत मात्र बिरडे म्हटले की वालाची उसळ समोर येते.) आपल्याकडे पांढऱ्या सुवासिक फुलांचे बुचाचे झाड रस्त्याकडेला दिसते. त्याच्या सालीचा उपयोगही पूर्वी हलक्या प्रतीचे बूच म्हणून होत असे. परंतु खरे बूच येते ते बूच-ओक या भूमध्य समुद्राच्या परिसरातील झाडाच्या सालीपासून. जगातील सुमारे निम्मे बूच एकट्या पोर्तुगालमध्ये निघते. झाड २५ वर्षांचे झाले की पहिली साल काढतात, आणि पुढे दर ९ वर्षांनी. झाड तोडावे लागत नाही. मुद्दल शाबूत ठेवून व्याजावर जगणे म्हणतात ते हेच!

१६६५ साली रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञाने बुचाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. त्यात त्याला मधमाशांच्या पोळ्यासारखे कप्पे दिसले. त्यांना त्याने 'सेल' म्हटले, आणि तेव्हापासून जीवशास्त्रात पेशीला हे नाव पडले. एका घन सेंटिमीटर बुचात असे सुमारे ४ कोटी कप्पे असतात. प्रत्येक कप्पा बंद, आत हवा, आणि भिंतीत सुबेरिन नावाचे मेणासारखे द्रव्य. म्हणून बूच पाण्याच्या चौथ्या-पाचव्या हिश्शाइतकेच जड असते आणि पाणी सहजासहजी पीत नाही.

मग बुचाचे बदक बुडाले कसे? येथेच खरी गंमत आहे. पाणी कप्प्यांतून फारसे शिरत नाही, ते फटींतून शिरते. नैसर्गिक बुचाला आरपार जाणारी बारीक छिद्रे असतात. शीतगृहांच्या भिंतींत घालतात ते काळे बूच तर दाणे तापवून, दाबून केलेले असते. त्या दाण्यांच्या मध्ये पोकळ्या राहतात. अशी अनेक बदके या काळ्या बुचाच्या फळ्यांतून कोरलेली असत, आणि आमची सहाही त्याच जातीची. शिवाय नुसत्या बुचाचे बदक नसतेच. डोके आणि तळाची फळी लाकडाची, मध्ये खिळे, सरस आणि तळाला शिशाची पट्टी. रंगाचा थर अखंड आहे तोवर सगळे ठीक. तो एकदा तडकला की पाणी सांध्यातून लाकडात जाते, लाकूड फुगते, सांधा आणखी उघडतो, आणि मग बुचाच्या पोकळ्याही भरतात. तात्पर्य, बुडवले ते बुचाने नव्हे, सांध्याने.

हे सारे मला नंतर कळले. आधी मी चूक केली. पेटीतून काढलेल्या बदकांपैकी एक मी सरळ गच्चीवर उन्हात ठेवले. ऑक्टोबरचे ऊन, दोन दिवसांत खडखडीत वाळेल असा हिशेब. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाहतो तो डोक्याला चोचीपासून मानेपर्यंत उभी चीर पडलेली, तळाची फळी वाकून सुटलेली आणि पाठीवरचा रंग पापडासारखा उचललेला. सहाची पाच झाली, ती माझ्या घाईने.

दुकानासमोरच्या सुतारकाकांना दाखवले तेव्हा त्यांनी कारण सांगितले. ओले लाकूड बाहेरून आधी वाळते. वरचा थर आखडू लागतो, आतला गाभा अजून फुगलेलाच असतो. वरच्याला आखडायला जागा मिळत नाही, म्हणून तो फाटतो. लाकूड लांबीत जवळजवळ आखडत नाही, आखडते ते रुंदीत. म्हणून चीर नेहमी रेषांच्या बाजूने उभी जाते. बूच त्या मानाने फार थोडे आखडते. त्यामुळे बूच आणि फळी यांना जोडणाऱ्या सांध्यावर ओढाताण होते. याला उपाय एकच. बाहेरच्या थराला आतल्या थरासाठी थांबायला लावायचे. वाळवणे हळू करायचे.

उरलेल्या पाच बदकांचे आम्ही पुढीलप्रमाणे केले. प्रथम स्वच्छ पाण्याने आणि मऊ ब्रशने चिखल धुतला. भिजलेल्या वस्तूला पुन्हा धुवायचे हे विचित्र वाटते, पण गाळ वाळून घट्ट बसला की तो काढताना रंगही निघतो. नंतर जुन्या सुती कापडाने टिपून घेतले, पुसले नाही. मग मागच्या सोप्यात, जेथे ऊन येत नाही पण वारा खेळतो, तेथे सुंभाची बाज टाकली आणि तिच्यावर बदके एकमेकांना न चिकटतील अशी ठेवली. बाजेच्या विणीतून खालूनही हवा लागते, हा तिचा मोठा गुण. पहिला आठवडा वरून पातळ ओलसर फडके झाकले, म्हणजे बाहेरचा थर फार लवकर वाळू नये. फडके रोज बदलायचे, नाहीतर बुरशी धरते. दुसऱ्या आठवड्यापासून फडके काढले आणि बदके रोज सकाळी कूस बदलून ठेवायची असा नेम केला. पंखा सरळ अंगावर लावला नाही. चुलीजवळ किंवा पत्र्याखाली तर ठेवायचेच नाही.

दोन बदकांवर पांढरी बुरशी आलीच. ती सोप्याबाहेर नेऊन, तोंडाला फडके बांधून कोरड्या ब्रशने झटकली आणि स्पिरिटचा बोळा हलकेच टेकवला. रंगावर स्पिरिट चोळले तर रंग सुटण्याचा संभव असतो, म्हणून आधी एका कोपऱ्यावर पाहून घ्यावे.

आता मुख्य प्रश्न. वस्तू वाळली हे ओळखायचे कसे? हाताला कोरडे लागणे हा पुरावा नव्हे, कारण हात फक्त बाहेरचा थर तपासतो. आतली स्थिती सांगणारा साक्षीदार एकच, तो म्हणजे तराजू. पाणी गेले की वजन कमी होते. वजन कमी व्हायचे थांबले की जाण्यासारखे पाणी संपले. मामांच्या दुकानात काटा होताच. मी एका वहीत पाचही बदकांची खाती उघडली. माझी सुट्टी संपली तेव्हा वही मामींकडे सोपवली, आणि त्या दर रविवारी फोनवर आकडे सांगू लागल्या. चौथ्या क्रमांकाच्या बदकाचे खाते नमुन्यादाखल देतो. पहिल्या दिवशी वजन १,९६० ग्रॅम. एका आठवड्याने १,६९०. नंतर क्रमाने १,५१०, १,४००, १,३३०, १,२९०, १,२७५ आणि सातव्या आठवड्याच्या अखेरीस १,२७०. आठव्या आठवड्यातही १,२७०. नवव्या रविवारी ते १,२७५ झाले तेव्हा मामी घाबरल्या. पण त्या दिवशी आभाळ आले होते, आणि दमट हवेत लाकूड थोडे पाणी परत घेतेच. दहाव्या रविवारी पुन्हा १,२७०.

वर्गमित्रांनी हे आकडे लक्षपूर्वक पाहावेत. आरंभी घट मोठी, पुढे पुढे लहान. घटत्या शिलकीवर घसारा काढतो तसाच हा प्रकार आहे. ६९० ग्रॅम म्हणजे पाऊण लिटरला थोडे कमी इतके पाणी त्या एका बदकाच्या पोटात होते, आणि त्यातले पहिले ६३० ग्रॅम चार आठवड्यांत गेले, पण शेवटचे ६० ग्रॅम जायला आणखी तीन आठवडे लागले. चौथ्या आठवड्यात बदक हाताला पूर्ण कोरडे लागत होते. तेव्हाच रंग दिला असता तर ते पाणी आत कोंडले जाऊन रंगाला फोड आले असते. तीन वजने सारखी आल्याशिवाय ब्रश हातात घ्यायचा नाही, हा नियम मी त्यावरून केला.

दुरुस्तीला उन्हाळ्याची सुट्टी उजाडली. सुतारकाका म्हणाले, "तळाच्या फळ्या काळ्या पडल्यात. रंधा मारून देतो, नव्यासारख्या होतील." मी होकार देणार इतक्यात चौथे बदक उलटे केले, तर वाळल्यामुळे फळीवर पेन्सिलीचा फिकट आकडा उमटून दिसत होता. ४. इतर फळ्यांवरही तसेच आकडे. मामींनी आजोबांची किराण्याची जुनी वही आणली. त्यातला ४ आणि फळीवरचा ४ एकाच वळणाचा होता, शेपटी डावीकडे नेलेला. आजोबा मी तीन वर्षांचा असताना गेले. त्यांचे अक्षर मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले. रंध्याचा एक हात फिरला असता तर ते भुशात गेले असते. मामांनी बदक हातात घेतले, बराच वेळ पाहिले आणि म्हणाले, "राहू दे काळी. रंधा नको."

म्हणून दुरुस्ती अगदी बेताची केली. सुटलेला सांधा पातळ सरसाने बसवून, मऊ कापडाची घडी ठेवून दोरीने आवळला. सरस निवडला तो मुद्दाम, कारण पुढे कोणाला सांधा उघडायचा झाला तर तो कोमट पाण्याने सुटतो. (बदके पुन्हा पाण्यात सोडायची असती तर सरस चालला नसता, अॅराल्डाइट लागले असते.) बुचाला पडलेली भोके बाटलीची बुचे किसून त्याचा भुसा सरसात कालवून भरली. रंगारी लांबी भरतात तशीच ही लांबी, पण बुचाची. उचललेला जुना रंग खरवडला नाही. त्याखाली बारीक ब्रशने सरस सोडून तो दाबून बसवला. जेथे रंग पूर्ण गेला होता तेवढ्याच जागी उघड्या लाकडाला जवसाचे उकळलेले तेल दिले, आठवडाभर वाळू दिले आणि बिनचकाकीचा रंग भरला. 

येथे दोन धोक्याच्या सूचना. जुन्या रंगांत शिसे असण्याचा संभव असतो. आपल्याकडे घरगुती व शोभेच्या रंगांतील शिशावर कडक मर्यादा २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाली. तेव्हा जुना रंग काचकागदाने कोरडा घासू नये आणि काम झाल्यावर हात धुतल्याशिवाय काही खाऊ नये. दुसरे, जवसाच्या तेलाचे बोळे गोळा करून टाकू नयेत. तेल वाळताना उष्णता निर्माण होते आणि चुरगळलेले फडके आपोआप पेटू शकते. ते मोकळ्या जागी पसरून वाळवावे किंवा पाण्यात बुडवावे.

किमतीचा विचार केल्याशिवाय आमचा लेख पुरा कसा होणार? २००७ साली एल्मर क्रोवेल या अमेरिकन कारागिराने केलेले दोन खोटे पक्षी प्रत्येकी सुमारे ११ लाख ३० हजार डॉलरला विकले गेले. आमच्या बदकांना असे भाव येणार नाहीत हे उघड आहे. पण त्या बाजाराचा एक नियम ध्यानात ठेवण्यासारखा आहे. तेथे मूळ रंग टिकलेल्या, थोड्या झिजलेल्या वस्तूला मान असतो, आणि नव्याने चकचकीत रंगवलेल्या वस्तूचे मोल उतरते. हिशेबाच्या वहीत खाडाखोड केली की ती पुराव्याला चालत नाही, त्यातलाच हा न्याय.

एक मर्यादाही सांगितली पाहिजे. काही आठवडे भिजलेल्या वस्तूला ही रीत चालते. शतकानुशतके पाण्यात राहिलेल्या लाकडाला नाही. स्वीडनचे 'वासा' जहाज १६२८ मध्ये बुडाले आणि १९६१ मध्ये वर काढले. त्याच्या लाकडातील पेशींच्या भिंती इतक्या कमकुवत झाल्या होत्या की नुसते वाळवले असते तर ते कोसळले असते. म्हणून पाण्याच्या जागी मेणासारखे एक रसायन जिरवण्यासाठी त्याच्यावर १७ वर्षे फवारणी केली. तशी वस्तू हाती लागली तर ती ओलीच ठेवून जाणकारांना बोलवावे.

आपल्या भागात पुराला अनोळखी असलेले घर थोडेच. २०१९ मध्ये कृष्णा आणि पंचगंगेने सांगली-कोल्हापूरची काय दशा केली ते आपण पाहिले आहे. पाणी ओसरल्यावर देव्हारा, पाट, पोळपाट, पेटी, तबला अशा वस्तू लोक अंगणात उन्हात मांडतात आणि आठ दिवसांत त्या तडकल्या म्हणून फेकून देतात. त्यांना एवढेच सांगावेसे वाटते की धुवा, टिपा, सावलीत ठेवा, रोज कूस बदला, आठवड्याला वजन करा आणि तीन वजने सारखी येईपर्यंत थांबा. खर्च काही नाही, वेळ मात्र लागतो.

आमची पाच बदके आता मामांच्या दुकानात काचेच्या कपाटात आहेत. हिवाळ्यात त्यांचे जिवंत भाऊबंद, थापट्या, चक्रवाक, तलवार बदक, तापीवरच खाली हतनूरच्या जलाशयावर उतरतात. तेथे आता माणसे दुर्बीण घेऊन जातात. उन्हात फुटलेले सहावे बदकही मी टाकलेले नाही. तेही कपाटात आहे, चीर न बुजवता. त्याच्या फळीवर आजोबांच्या हातचा २ आहे. माझ्या वहीत दोन नंबरचे खातेही आहे. त्यात वजनाची एकच नोंद आहे, आणि पुढचे पान कोरे आहे.